आत्महत्येचं 'कारण' कोण लिहितं?

भारतात २०२२ मध्ये १,७०,९२४ जणांचा मृत्यू आत्महत्येने झाला, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा (एनसीआरबी) अहवाल सांगतो. यातले २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर मात्र क्रम बदलतो. देशाचा दर लाखामागे १२.४ असताना चिमुकल्या सिक्कीमचा ४३.१ होता. सोशल मीडियावर फिरणाऱ्या पोस्टमध्ये संख्या आणि दर यांची सर्रास गल्लत होते.

हे आकडे तयार होतात पोलीस ठाण्यात आणि शवागारात. संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यू झाला की पोलीस 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद करतात, पंचनामा करतात आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवतात. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा असा मृत्यू झाला, तर चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाते. हुंडाबळी आत्महत्येच्या नावाखाली दडपला जाऊ नये, म्हणून ही तरतूद आहे.

शवविच्छेदनातून डॉक्टरांना मृत्यू कशाने झाला हे कळतं, जखमा आधीच्या की नंतरच्या हेही बऱ्याचदा कळतं. तो माणूस या टोकाला का गेला, हे शरीर सांगत नाही. ते येतं नातेवाइकांच्या जबाबातून, तोही बहुतेकदा अंत्यसंस्काराच्या घाईत, पोलिसांसमोर दिलेला. ज्या घरात छळ झाला असेल, त्याच घरातली माणसं जबाब देत असू शकतात. एनसीआरबीच्या २०२२ च्या तक्त्यात सर्वांत मोठं कारण 'कौटुंबिक समस्या' (३१.७ टक्के) आहे, ते हे लक्षात ठेवूनच वाचायला हवं. कर्ज, दारू, मारहाण, नैराश्य, सगळं त्या दोन शब्दांत मावतं.

व्यवसायाच्या रकान्याचंही तसंच. २०२२ मध्ये मृतांपैकी एक-चतुर्थांशाहून अधिक रोजंदार मजूर होते. मृत स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी. पण सातबाऱ्यावर नाव नसलेली, दिवसभर शेतात राबणारी बाईही कागदावर 'गृहिणी'च ठरू शकते.

शिवाय कितीतरी मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदलेच जात नाहीत. पोलिसांचा ससेमिरा, समाजातली बदनामी, मुलीबाळींच्या लग्नाची काळजी. 'लॅन्सेट'मध्ये २०१२ साली आलेल्या अभ्यासात सर्वेक्षकांनी घरोघरी जाऊन मृत्यूंची माहिती घेतली होती. त्यावरून २०१० मधल्या आत्महत्यांचा अंदाज सुमारे १,८७,००० निघाला. एनसीआरबीच्या नोंदीत त्या वर्षी १,३४,५९९ होत्या. स्त्रियांच्या बाबतीत ही तफावत पुरुषांपेक्षा मोठी होती.

'का'चा शोध घेण्याची एक वेगळी पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. तिथल्या कॉरोनरांना काही मृत्यू अपघात की आत्महत्या, हे ठरवता येईना. तेव्हा एडविन श्नाइडमन आणि सहकाऱ्यांनी मृताच्या आप्तांशी, मित्रांशी सविस्तर बोलून त्याचे शेवटचे दिवस जुळवायला सुरुवात केली. याला 'मानसशास्त्रीय शवविच्छेदन' म्हणतात. चेन्नईत लक्ष्मी विजयकुमार यांनी याच पद्धतीने केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत व्यक्तींची तुलना शेजारपाजारच्या लोकांशी केली होती. पंचनाम्यात न मावणारं बरंच काही अशा मुलाखतींत सापडतं. वेळ मात्र खूप लागतो.

(मनात आत्महत्येचे विचार येत असतील किंवा जवळच्या कुणाची काळजी वाटत असेल, तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं.)