पक्षी, बंदूक आणि लांब पल्ल्याची लेन्स

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की बाराएक किलोमीटरवर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. प्रवाशांना तो किल्ला म्हणून ठाऊक असतो. पक्ष्यांच्या नादी लागलेल्यांना मात्र त्याच्या पायथ्याचे रान अधिक ओळखीचे. हे रान १९६८ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातले पहिले पक्षी अभयारण्य अशी त्याची ओळख आहे. क्षेत्र जेमतेम बारा चौरस किलोमीटर, आणि त्यालाही चिरत जाणारा महामार्ग. तरीही इथे भृंगराज दिसतो, शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक आपली लांब शेपटी मिरवत जातो.

मृगाच्या सरी आल्या, की या रानात एक छोटा पाहुणा येतो. त्याचे नाव तिबोटी खंड्या. लांबी बारा-तेरा सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहूनही किंचित लहान. पाठ गर्द निळी, पोट पिवळेधमक, चोच लालभडक आणि पायाला तीनच बोटे. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तो आडवे बीळ खोदतो. हे बीळ कधी कधी मीटरभर लांब असते. त्यात चार-पाच अंडी घातली जातात. नर-मादी दोघे ती उबवतात आणि सतरा-अठरा दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पुढचे वीसएक दिवस त्यांना पाली, सरडे, बेडूक, खेकडे भरवण्याचे काम अखंड चालते. हाच पक्षी रायगडचा जिल्हा पक्षी म्हणून मान पावला आहे.

पण या मानाबरोबर त्याच्यामागे एक ससेमिराही लागला आहे, तो कॅमेऱ्यांचा. तो कसा लागला हे समजून घ्यायचे, तर पक्षी टिपण्याच्या कलेचा थोडा इतिहास पाहायला हवा.

एकोणिसाव्या शतकात पक्षी अभ्यासायचा म्हणजे आधी तो मारायचा, असाच रिवाज होता. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संग्रहातही पेंढा भरलेले पक्षी जमत गेले, ते बंदुकीच्याच जोरावर. पक्षिशास्त्राचे आपले थोर आचार्य सलीम अली लहानपणी याच सोसायटीत पहिल्यांदा गेले, ते छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक चिमणी ओळखून घ्यायला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. तिथले सचिव मिलार्ड यांनी मुलाला संग्रहाचे कप्पे उघडून दाखवले आणि एका आयुष्याला दिशा मिळाली. त्या काळात याला कोणी क्रौर्य म्हटले नसते. दुर्बिणी कमकुवत होत्या, पुस्तके थोडी होती आणि हातात घेतल्याशिवाय पक्ष्याची खात्री पटत नसे.

गंमत अशी, की चालत्या-उडत्या प्राण्यांचा आरंभीचा कॅमेराही बंदुकीच्याच आकाराचा निघाला. फ्रान्समधील शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली एक ‘छायाचित्र-बंदूक’ बनवली. खांद्याला लावायची, नेम धरायचा, चाप ओढायचा, आणि सेकंदाला बारा चित्रे उमटायची. आजही आपण ‘शूट केले’ असेच म्हणतो. बंदूक गेली, तिची भाषा मागे राहिली.

इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर एक पुस्तक काढले. त्यातली सगळी चित्रे प्रत्यक्ष जागेवर काढलेली छायाचित्रे होती. या भावांची हिकमत अशी, की त्यांनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल केला आणि त्याच्या पोटात बसून चित्रे काढली. हा खटाटोप हौसेखातर नव्हता. तेव्हाच्या लेन्सचा पल्ला तोकडा होता, काचपट्टी मंद होती आणि कॅमेरा अवजड. पक्ष्याच्या अगदी जवळ गेल्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि पक्षी हमखास परत येईल अशी जागा एकच, त्याचे घरटे. म्हणून आडोसा उभारून घरट्यापाशी बसायचे, ही पक्षी-छायाचित्रणाची पहिली रीत ठरली. ती पुढे निदान अर्धे शतक चालली.

आपल्याकडेही तेच झाले. सलीम अलींनी १९३०च्या सुमारास याच जिल्ह्यातल्या किहीमला सुगरण पक्ष्याचा संसार दिवसचे दिवस बसून पाहिला. नर एकामागून एक खोपे विणतो आणि एकामागून एक माद्यांशी घर मांडतो, हे त्यातून उलगडले. तिथे काम झाले ते बंदुकीने नव्हे, तर धीराने बसून पाहण्याने. पुढे त्यांना साथ मिळाली सिंगापूरच्या लोक वान थो या चित्रपटगृहांच्या धनाढ्य मालकाची. १९४२ साली जपानी आक्रमणात सिंगापूर सोडताना त्यांच्या जहाजावर बॉम्ब पडले, ते जखमी झाले आणि काही काळ त्यांची दृष्टीही गेली. पुढे ते भारतात आले, सलीम अलींशी त्यांची गाठ पडली आणि दोघे मिळून कच्छपासून सिक्कीमपर्यंत हिंडले. आडोशात तासन्‌तास बसून काढलेली त्यांची छायाचित्रे आजही नमुना म्हणून पाहावीत अशी आहेत. १९६४ साली तैवानमधील विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

कॅमेऱ्याने बंदुकीची जागा किती पुरती घेतली, याचे उदाहरण आपल्या खानदेशातच घडले. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड १८८४नंतर कोणालाच खात्रीने दिसले नव्हते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या बड्या ब्रिटिश संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत एक मारल्याचा दावा केला होता. त्याच्या संग्रहात तसा मृत पक्षीही होता. पण तो दुसऱ्याच्या जुन्या संग्रहातून लांबवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. अमेरिकन अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली. मग त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला, म्हणजे ११३ वर्षांनी! पुरावा म्हणून त्यांनी चलत्‌चित्रे आणि छायाचित्रे आणली. पक्षी आपल्या फांदीवरच राहिला. मेलेल्या पक्ष्याने खोटी साक्ष दिली होती, जिवंत पक्ष्याच्या चित्राने खरी दिली. पुढे २०१४ साली हाच रानपिंगळा ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यातही आढळला.

आता झूम लेन्सकडे येऊ. स्थिर छायाचित्राच्या कॅमेऱ्यासाठी झूम लेन्स बाजारात आली १९५९ साली, पण लांब पल्ल्याच्या लेन्स दीर्घकाळ सामान्यांच्या खिशाबाहेर राहिल्या. २०००नंतर दहा-बारा पट झूम असलेले सुटसुटीत डिजिटल कॅमेरे आले आणि चित्र पालटले. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, कॉलेजातली पोरे असे सगळेच पक्षी टिपू लागले. २०१५ साली निकॉनने ८३ पट झूमचा कॅमेरा काढला आणि २०१८ साली १२५ पट झूमचा. यांतल्या पहिल्याचा हिशेब साधा आहे. नेहमीच्या ५० मिलिमीटर लेन्सने एक मीटरवरून पक्षी जेवढा दिसेल, तेवढाच या कॅमेऱ्याने ४० मीटरवरून दिसतो. कीर्टन बंधूंच्या कातडी बैलाची आता गरज उरली नाही.

मग कर्नाळ्यात माणसे घरट्याच्या तोंडाशी का जातात? याचे उत्तर उजेडात आहे. झूम अंतर कापते, अंधार कापत नाही. लहान कॅमेऱ्याचे झूम पुरते लांबवले, की आत येणारा प्रकाश कमी होतो. जुलैतल्या कर्नाळ्यात तर आभाळ भरलेले आणि झाडी गच्च. शिवाय हा खंड्या निळ्या ठिणगीसारखा सुटतो. तो थांबतो फक्त बिळासमोरच्या फांदीवर. म्हणून माणसे पुन्हा तिथेच जातात, फ्लॅश लावतात, आड येणारी पाने छाटतात. शंभर वर्षांपूर्वीची जुनी रीत अशी नव्या यंत्रानिशी परत आली. फरक इतकाच, की तेव्हा एखादा माणूस आडोशात दडून बसे. आता घरट्याचा पत्ता फोनवरून फिरतो आणि उघड्यावर रांग लागते. छाटलेल्या पानांमुळे बिळाचे तोंड साप-घोरपडींनाही मोकळे होते. घास घेऊन आलेला पक्षी माणसे पाहून परत फिरतो आणि बिळातली पिल्ले उपाशी राहतात.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही तिच्यात मोडते. म्हणजे घरट्याशी छळ मांडणारा कॅमेरेवाला आणि बंदूकवाला या दोघांना कायदा एकाच शब्दात बसवतो. अभयारण्यातल्या छायाचित्रणाबाबत २०२२च्या दुरुस्तीनेही तेच बजावले आहे: अधिवासात बदल न करता, प्राण्यांना अपाय न होता ते व्हायला हवे.

माझे म्हणणे छायाचित्रे काढू नका असे मुळीच नाही. हजारो हौशी माणसांच्या चित्रांनी आज पक्ष्यांच्या नोंदी समृद्ध झाल्या आहेत, आणि रानपिंगळ्याची साक्ष आपण पाहिलीच. उरणच्या पाणथळीवर, पनवेलच्या खाडीकाठी भरपूर उजेड असतो. तिथे लांब झूम खरी कामाला येते आणि पक्ष्याला आपला पत्ताही लागत नाही. कर्नाळ्यातही घरटे सोडून पायवाटेवरून जे दिसेल ते टिपावे. पावसाळी अंधारात चित्र थोडे धूसर आले, तर येऊ द्यावे.

आणि एक खूण लक्षात ठेवावी. चोचीत पाल किंवा बेडूक धरून खंड्या फांदीवर तसाच बसून राहिला, मान खालीवर करत राहिला आणि बिळाकडे जाईना, तर समजावे की आपण त्याच्या वाटेत उभे आहोत. कॅमेरा खाली घ्यावा आणि तो बिळात शिरेपर्यंत मागे सरकावे.