देवालय आणि रंगभूमि

शहापूर-मुरबाडकडील एखाद्या खेड्यांत हरिनाम सप्ताहाच्या रात्रीं भजनाला बसावें. टाळ-मृदंगाबरोबर पेटी वाजूं लागते. अभंग संतांचा, पण चाल मात्र कधीं कधीं जुन्या नाट्यपदाची निघते. मग श्रोत्यांत दोन तट पडतात. एकाला अभंग गोड झालासा वाटतो. दुसरा म्हणतो, चाल ऐकूं आली, अभंग हरवला. हा वाद आपल्याकडचाच, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इटलींतील चर्चेंही याच प्रश्नानें गाजत होतीं.

तेथें ऑपेरा, म्हणजे संगीत नाटक, लोकांच्या हाडींमासीं खिळलेलें. चर्चमधील ऑर्गनवादक प्रार्थनेंतही नाटकी सुरावटी वाजवीत; कित्येक ऑर्गनांना तर घंटा व नगारेही जोडलेले असत. वेर्दीनें कादंबरीकार मान्झोनीच्या स्मरणार्थ रचिलेला ‘रेक्विएम’ २२ मे १८७४ रोजीं मिलानच्या सान मार्को चर्चमध्यें गाइला गेला, आणि तीनच दिवसांनीं ला स्काला नाट्यगृहांत!

या मिश्रणाला विटलेल्या सुधारकांच्या प्रयत्नांस अखेर राजमान्यता मिळाली. २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं दहावे पोप पायस यांनीं आज्ञापत्र काढून प्राचीन ग्रेगोरियन गायन हा आदर्श ठरविला. ऑर्गन राहिला, पियानो, ढोल व झांजा वर्ज्य झाल्या. स्त्रियांनाही गायकवृंदांत मज्जाव झाला. १८९८ पासून सिस्टीन चॅपेलच्या गायकवृंदाची धुरा वाहणारे लोरेन्झो पेरोसी (१८७२–१९५६) हे धर्मगुरु या सुधारणेचे अग्रणी; परंतु त्यांच्याच धार्मिक ओरातोरिओंत ऑपेराचे सूर टीकाकारांना ऐकूं आले.

येथें आम्हांस एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. ज्या झांजा रोमला उथळ वाटल्या, त्यांचेच भाऊबंद असे टाळ हा आपल्या भजनाचा प्राण आहे. तेव्हां कोणतेंही वाद्य जात्या पवित्र वा अपवित्र नसतें. शिवाय ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘शाकुंतला’चा प्रयोग करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनीं साकी-दिंडीसारख्या कीर्तनांतल्या चाली रंगभूमीवर नेल्याच होत्या. रंगभूमीची चाल भजनांत येते, ती एका परीनें जुन्या ऋणाची फेड होय.

मग कसोटी कोणती? १९६२–६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वसईच्या चर्चमध्यें लॅटिनच्या जागीं मराठी उपासना आली, ती भाविकाला शब्द कळावा म्हणून. हीच कसोटी आम्हीं आपल्या भजनालाही लावूं. मागें बसलेल्या म्हातारीला अभंगाचा शब्दन् शब्द ऐकूं येत असेल, तर चाल कोठूनही येवो. आणि तिला केवळ पेटीच ऐकूं येत असेल, तर बुवांनीं पेटीचा भाता क्षणभर मिटावा. त्यासाठीं आज्ञापत्राची गरज नाहीं.