काळ्या मोटारीचा मूळ रंग

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात गेलो की प्रथम डोळ्यांत भरते ती त्यांची चकाकी. शंभर वर्षांची गाडी कालच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखी दिसते. पण ती खरोखर बाहेर पडली, तेव्हा अशीच दिसत होती का? तिचा रंग हाच होता का? प्रश्न साधा आहे. उत्तर शोधताना मात्र इतिहासाबरोबर रसायनशास्त्राचीही मदत घ्यावी लागते.

आपण एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ या मोटारी बनवल्या. त्यांची संख्या सुमारे दीड कोटी. ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळत असे, हे आपण अनेकदा वाचलेले असते. खुद्द हेन्री फोर्ड यांनी १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सांगितले आहे की, काळ्याखेरीज दुसरा रंग मिळणार नाही, असे आपण १९०९ सालीच जाहीर केले होते. कारखान्याचा मालकच सांगतो म्हटल्यावर आणखी पुरावा कशाला हवा?

गंमत अशी की, १९०९ साली विकल्या गेलेल्या मॉडेल टी गाड्या लाल, करड्या आणि हिरव्या होत्या. पुढे काही काळ हिरवा व त्यानंतर गडद निळा रंग वापरला गेला. काळा रंग सरसकट आला तो १९१४च्या गाड्यांपासून, आणि १९२६च्या गाड्यांना पुन्हा इतर रंग मिळू लागले. म्हणजे मालकाची आठवण तेरा वर्षांनंतरची, आणि मधल्या काळातील परिस्थितीने रंगलेली!

मग जुनी छायाचित्रे पाहावीत का? जरूर पाहावीत, पण जपून. त्या काळच्या बहुतेक फोटोच्या काचांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबडी गाडी फोटोत काळी येई आणि निळे आकाश पांढरेफटक. फोटोत काळी दिसणारी गाडी प्रत्यक्षात लाल असू शकते.

यानंतरचा साक्षीदार म्हणजे इंजिनावर ठोकलेला क्रमांक. मॉडेल टीच्या सांगाड्यावर बहुतेक काळ क्रमांक नसे. इंजिनाचा क्रमांक तोच गाडीचा क्रमांक. कोणत्या दिवशी कोणत्या क्रमांकाची इंजिने तयार झाली, याच्या नोंदी मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे जपून ठेवलेल्या आहेत. भारतातील गाडीचा माग काढताना मात्र आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ब्रिटन सोडून ब्रिटिश साम्राज्यातील इतर देशांना गाड्या पुरवण्याचा हक्क फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होता. १९१३ पासून तिथल्या इंजिनांचे क्रमांक ‘सी’ या अक्षराने सुरू होतात. तेव्हा असा क्रमांक दिसला, तर तो अमेरिकेच्या वहीत शोधून उपयोग नाही.

क्रमांक सापडला तरी एक शंका उरतेच. ही तारीख इंजिनाची आहे, गाडीची नव्हे. इंजिन तयार झाल्यावर दुसऱ्या गावी जाऊन काही आठवड्यांनी गाडीत बसवले गेले असेल. पुढे वीस वर्षांनी एखाद्या मेकॅनिकने ते बदललेही असेल. इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर ओतकामाची तारीख अनेकदा उमटवलेली असते. ती क्रमांकाच्या तारखेच्या थोडी आधीची असेल, तर दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात. नंतरची असेल, तर कुठेतरी गफलत आहे.

आता उरतो तो रंग स्वतः. गाडी पुन्हा रंगवताना कारागीर दर्शनी भाग घासतो. पण डॅशबोर्डच्या मागे, आसनाखाली, बिजागरीच्या आड जुना रंग तसाच राहतो. अशा जागी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने एक लहानसे वर्तुळ हलके घासतात. मध्यभागी पत्रा उघडा पडतो आणि त्याभोवती अस्तर, लांबी, मूळ रंग, वार्निश व नंतरचे रंग अशी कडी दिसू लागतात, झाडाच्या खोडातील वर्षवलयांसारखी. सर्वांत आतले कडे सर्वांत जुने.

तरीही डोळ्यांवर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. जवसाच्या तेलाचे वार्निश अंधारात पिवळे पडते, आणि पिवळ्या थराखालचा निळा रंग हिरवट दिसतो. इथे रंगद्रव्यांचे विश्लेषण कामी येते. थॅलोसायनीन निळा हे रंगद्रव्य १९३५ साली बाजारात आले. ते ज्या थरात सापडेल, तो थर मॉडेल टीचे उत्पादन बंद पडल्यानंतरचा, हे उघड आहे. ‘यापूर्वीचा असूच शकत नाही’ एवढेच असा पुरावा सांगतो, पण तेवढे खात्रीने सांगतो.

मग १९१४ साली काळाच रंग का? १९१३ मध्ये सरकत्या जुळणीपट्ट्यावर काम सुरू झाले आणि सांगाड्याच्या जुळणीचा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. काळा रंग लवकर वाळतो म्हणून तो निवडला, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. पण कारखान्याच्या कागदपत्रांत वेगवेगळ्या भागांसाठी तीसहून अधिक प्रकारचे काळे रंग आढळतात. त्यांचा वाळण्याचा वेळही एकसारखा नव्हता. काळा रंग स्वस्त होता आणि टिकाऊ होता, हे कारण अधिक पटते. त्यात गिल्सोनाइट हा डांबराच्या जातीचा खनिज पदार्थ असे. त्याने भट्टीत भाजलेला थर कणखर होई. परंतु डांबर मुळातच काळे. त्यापासून लाल किंवा हिरवा रंग कसा होणार? लवकर वाळणारे रंगीत लॅकर १९२०च्या दशकात आले, तेव्हा मोटारींच्या रंगांची अडचण दूर झाली.

हा सारा पुरावा नखाएवढ्या जाडीचाही नसतो. गाडी ‘नव्यासारखी’ करण्याच्या हौसेने एकदा पत्र्यापर्यंत घासली, की तो कायमचा गेला. फाटलेले कागद कुठेतरी दुसऱ्या प्रतीत सापडू शकतात. रंगाच्या थराची दुसरी प्रत नसते. म्हणून हल्ली जाणकार संग्राहक घासण्यापूर्वी नमुने आणि फोटो घेतात, आणि एखादा कोपरा मुद्दाम जुनाच ठेवतात.

शाळेत मॉडेल टी नसली, तरी जुनी खिडकी किंवा लोखंडी कपाट असतेच. रंगाचा पोपडा जिथे आधीच उडाला आहे, त्या कडेवर भिंग धरून विद्यार्थ्यांना थर मोजायला सांगा. मात्र काहीही खरवडू देऊ नका, पोपड्यांना हात लावू देऊ नका. जुन्या रंगांत शिसे असते. लोखंडावर गंज लागू नये म्हणून दिलेले शेंदराचे अस्तर तर शिशाचेच. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगाकडे सावधपणेच पाहावे.

थर मोजून झाले की शाळेतील जुन्या शिक्षकांना किंवा शिपाईमामांना विचारा, कपाट पूर्वी कोणत्या रंगाचे होते. त्यांचे उत्तर आणि भिंगातून दिसलेले थर जुळतात का, ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. जुळले नाहीत, तर चर्चा अधिकच रंगेल.