नाणेघाटाकडून शिवनेरीकडे

जुन्नर परिसरात एखाद्या शेतावरच्या निवासात उतरलेल्या पाहुण्याला आसपासच्या ऐतिहासिक स्थळांची ठरीव यादी मिळते. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री आणि पावसाळा असल्यास दुसऱ्या दिवशी नाणेघाट. शिवभक्त, भाविक आणि धबधब्यासाठी येणारे अशा तिघांची ती सोय आहे. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र हा क्रम उलटा करावा आणि आधी घाटाच्या माथ्यावर जावे.

कोकणातील बंदरांकडून देशावर चढणाऱ्या मालाची ही वाट. जुन्नर ही तिच्यावरची पहिली मोठी पेठ. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण दाखवून जकातीची गोष्ट आवर्जून सांगितली जाते. लेण्याच्या भिंतीवर कोरलेला हिशेब मात्र जकातीचा नाही, दक्षिणेचा आहे. प्राकृत भाषेतील आणि ब्राह्मी लिपीतील हा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. नागनिका राणी आणि तिचा पती पहिला सातकर्णी यांच्याशी त्याचा संबंध आहे. अश्वमेधासारखे यज्ञ आणि प्रत्येक यज्ञात दिलेले दान त्यात नोंदले आहे. एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात हा लेख महत्त्वाचा ठरला तो या आकड्यांमुळे.

एवढ्या वैभवाच्या नोंदीत राणीचे वर्णन येते ते महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी स्त्री म्हणून. राजप्रशस्तीच्या ठरावीक शब्दांत अशी व्यक्तिरेखा क्वचितच सापडते. मागच्या भिंतीवर राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. त्या नाहीशा झाल्या. वर कोरलेली नावे तेवढी उरली. त्यांत सिमुक सातवाहन आहे, नागनिका आणि सातकर्णी आहेत, कुमार आहेत आणि एक 'महारठि'ही आहे. या शब्दावर मराठीच्या प्राचीनत्वाचे मोठे इमले उभारले जातात. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर अधिकच. पण येथे ते एक पद आहे, भाषेचे नाव नव्हे, हे वर्गात सांगायला हवे. मराठीचा पूर्वज पाहायचा तर त्या एका शब्दापेक्षा लेखाच्या सगळ्या प्राकृताकडे पाहावे. स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली 'गाथासप्तशती' (१९५६) पिशवीत असली तर उत्तमच.

घाटातून जुन्नरकडे आले की भाषा तीच राहते, बोलणारे बदलतात. येथील डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत आणि त्यांतल्या लेखांत राजांपेक्षा पेठेतली माणसे अधिक भेटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाच्या रकमा गुंतवल्या जात. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. परदेशी माणूस येथल्या प्राकृतात 'देयधम' असे लिहवून घेतो, ही बाब आपल्या भाषेच्या इतिहासात का शिकवली जात नाही, कोण जाणे.

लेण्याद्रीला भाविक तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातात. ते सातवे लेणे मुळात बौद्ध विहार आहे. शेजारच्या सहाव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, फारसे कोणी थांबत नाही. त्याचा दाता सुलसदत्त हा 'हेरणिका'चा, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याचा मुलगा होता.

शिवनेरी शेवटी ठेवावा. १९ फेब्रुवारी १६३० चा शिवजन्म सर्वांना ठाऊक आहेच. त्याआधी, १४९४ मध्ये अहमदनगर वसवण्यापूर्वी, निजामशाहीच्या संस्थापकाने या जुन्नरातच बस्तान बसवले होते, हे सहसा सांगितले जात नाही. गडाच्या कड्यांतही लेणी आणि टाकी आहेत. जन्मस्थानाकडे जाणाऱ्या गर्दीला ती दिसत नाहीत, आणि तिकडची वाट अवघड असल्याने माहीतगार सोबत घ्यावा.