वऱ्हाडातील आर्थिक विषमता आणि तिचे मोजमाप

१८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभाराखाली आला आणि त्यापुढील दशकात तेथे मुंबई पद्धतीची रयतवारी जमाबंदी सुरू झाली. शेताशेताला नंबर पडले, जमिनीची प्रत आण्यांत ठरविण्यात आली आणि साऱ्याची आकारणी झाली. मोजली गेली ती जमीन. खातेदाराचे नाव दप्तरात आले; बटाईने शेत कसणारा किंवा वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार दप्तराबाहेरच राहिला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले व वऱ्हाडच्या बाजारपेठांत पैसा खेळू लागला. परंतु तो कोणाच्या पदरी किती पडला, हे या दप्तरावरून सांगता येत नाही. अर्थात हा दोष दप्तराचा नव्हे. ते सारावसुलीसाठी निर्माण झाले होते. त्यावरून समाजरचनेचे अनुमान बांधणाऱ्यांनी मात्र ही मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी होती.

कुटुंब हे अभ्यासाचे एकक मानण्याची दृष्टी महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे दिसते ती हॅरॉल्ड मान यांच्या पिंपळे सौदागर या पुण्याजवळील गावाच्या पाहणीत (१९१७). त्यांनी उत्पन्न, खर्च व कर्ज यांचा मेळ घालून कुटुंबांचे वर्ग पाडले. त्याच सुमारास वाटपाची विषमता एका आकड्यात मांडण्याची साधनेही सिद्ध झाली होती : लॉरेन्झ यांचा वक्र १९०५ चा, जिनी यांचा गुणांक १९१२ चा. पूर्ण समता असेल तर हा गुणांक शून्य येतो, आणि सर्व संपत्ती एकाच्याच हाती एकवटली तर तो एकाच्या जवळ जातो.

या गुणांकाची सारी भिस्त मोजणीत कोणाला धरले यावर असते. उदाहरणादाखल एक काल्पनिक गाव घ्यावे. पाच कुटुंबांकडे अनुक्रमे २, ३, ५, १० व ३० एकर जमीन आहे. गुणांक सुमारे ०.५० येतो. त्याच गावातील पाच भूमिहीन कुटुंबे हिशेबात घेतली की तो ०.७५ वर जातो. गावात काहीही बदललेले नसते. बदललेली असते ती केवळ यादी. १९७०-७१ पासून होणारी कृषिगणना वहितीखालील धारणक्षेत्रे मोजते, म्हणून भूमिहीन तिच्या कक्षेत येतच नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९५४-५५ पासून केलेल्या जमीनधारणेच्या पाहण्या कुटुंबांवर आधारलेल्या असल्याने त्यांत भूमिहीनांनाही स्थान मिळते. या दोन स्रोतांतील आकडे शेजारी ठेवून विषमता वाढली की घटली हे ठरविणे म्हणजे मण आणि पायली यांची तुलना होय. मजुराची संख्या मोठी असलेल्या कापूसपट्ट्यात तर ही चूक विशेषच महागात पडते.

शिवाय एकर तरी सर्वत्र सारखा कोठे आहे? पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असल्याने ते ओलिताच्या कामी येत नाही. तेथील दहा एकर आणि वरुड-मोर्शीकडील संत्र्याच्या बागेचे दहा एकर कागदावर समान असले, तरी उत्पन्नात त्यांची बरोबरी होऊ शकत नाही.

१९८४ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला आणि ‘अनुशेष’ हा शब्द वऱ्हाडात घरोघरी पोहोचला. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे, हे त्या समितीने पाहिले. प्रादेशिक न्यायाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु अमरावती जिल्ह्याच्या एका सरासरीत वरुडच्या बागा आणि मेळघाटातील कोरकूंचे पाडे एकत्र येतात, आणि त्यांच्यामधील अंतर तीत दिसेनासे होते.

या एककाचे परिणाम केवळ विद्वत्तेपुरते राहत नाहीत. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही होते. निवड जिल्ह्यांची झाली आणि कर्जावरील व्याजाची सवलत बँका व सहकारी संस्थांच्या थकबाकीवर मिळाली. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याला बँकेचे पीककर्ज सहसा मिळत नसे. तो सावकाराकडे जाई, आणि सावकाराचे देणे या सवलतीत बसत नव्हते. १८६० नंतरच्या दप्तरात ज्याचे नाव नव्हते, तोच बटाईदार येथेही हिशेबाबाहेर राहिला.