मॅटाडोरचं इंजिन, अँबॅसडरच्या पुल्या आणि एक परत गेलेला अर्ज



परवा नातवाने जुन्या आल्बममधला फोटो काढून विचारलं, "आजोबा, या अँबॅसडरला डिझेल इंजिन का बसवलं होतं?" त्याला सांगता सांगता उद्यमबागेतली एक गोष्ट आठवली. लिहीन लिहीन म्हणत बरीच वर्षं राहून गेली, आज लिहितो.

आपल्या बेळगावचं आणि लोखंडाचं नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथेच सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायची यंत्रं आली, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला. जागा सोडावी लागली म्हणून १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले, आणि किर्लोस्करवाडी झाली. ते गेले तरी गावातलं लोखंडाचं काम काही गेलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, फलक बदलले, पण फौंड्रीतलं बीड आणि लेथवरचा टर्नर कुठल्या राज्यात आहे ते विचारत नव्हता. माझ्या नोकरीच्या काळात उद्यमबागेत शिरलं की ओतकामाच्या वाळूचा वास यायचा.

१९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं आणि पेट्रोल भडकलं. डिझेल त्या मानाने स्वस्त. मग लोकांनी पेट्रोलच्या अँबॅसडर आणि जीपमध्ये मॅटाडोरची जुनी डिझेल इंजिनं बसवायला सुरुवात केली. आमची मार्क टू वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. १९८५ मध्ये आम्हीही तेच केलं. इंजिन भंगारवाल्याकडून आणलं, त्याला अल्टरनेटर नव्हता. फिटरने दुसऱ्याच कुठल्या गाडीचा चढवला. फिरतंय ना, मग झालं!

त्याच पावसाळ्याच्या आधी वडिलांना सावंतवाडीहून घेऊन येत होतो. त्यांना दम्याचा त्रास, त्या दिवशी जरा जास्तच होता, म्हणून रात्रीच निघालो. आंबोली घाट चढायला लागलो तसे दिवे पिवळे पडत गेले. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे बॅटरी उतरली तरी ते चालू राहतं. पण पुढचं दिसायला तर हवं! त्यातच रेडिएटरला उकळी फुटली. अर्ध्या घाटात गाडी थांबली. वडील मागच्या सीटवर बसून श्वास ओढत होते आणि मी अंधारात पाणी शोधत होतो. शेवटी एका ट्रकवाल्याने पाणी दिलं आणि आमच्या पुढे हळूहळू चालवून घाटमाथ्यापर्यंत दिवा दाखवला. घरी पोचलो तेव्हा उजाडलं होतं.

फिटर म्हणाला, बॅटरी बदला. बदलली. आठ दिवसांत तीही उतरली. मग शेजाऱ्यांनी उद्यमबागेतल्या एका टर्नरचं नाव सांगितलं. गेलो, आणि दारातच थबकलो. हा माणूस मला ओळखीचा होता.

१९७९ मध्ये मी शाखेत कर्जाचे अर्ज बघत होतो. लेथ घेण्यासाठी याने अर्ज केला होता. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्येच झालेलं, लहान उद्योगांना कर्ज द्या म्हणून वरून परिपत्रकं येत होती. पण टेबलावर शेवटी जमिनीचा उताराच मागितला जायचा. याच्याकडे उतारा नव्हता, हातात कसब होतं. कसब कुठल्या रकान्यात लिहायचं? "पुरेसं तारण नाही" एवढी एक ओळ लिहून मी अर्ज परत पाठवला.

त्यानेही मला ओळखलं. पण काही बोलला नाही. बॉनेट उघडून बॅटरी लावली आणि बेल्टकडे पाहिलं.

"साहेब, खोबणीचा तळ बघा कसा चकाकतोय. बेल्ट तळावर बसूलाय. त्यानं दोन्ही भिंती धरायला पाहिजेत, तळाला टेकला की घसरणारच की."

खोबण रुंद, बेल्ट अरुंद. त्याच बेल्टवर वॉटर पंप आणि पंखाही. घाटात भार आला की बेल्ट घसरणार, पंप मंदावणार, पाणी उकळणार. दुसरी गोष्ट त्याने पाटीवर खडूने मांडली. क्रँकची पुली ५ इंच, अल्टरनेटरची ४ इंच. इंजिन ७०० फेऱ्यांवर उभं असेल तर अल्टरनेटरच्या फेऱ्या ८७५. एवढ्यावर तो चार्जच करत नाही. पुली अडीच इंचाची केली तर १४००. हे तर शाळेतलं व्यस्त त्रैराशिक! बी.कॉम. झालेल्या मला आठ दिवस सुचलं नव्हतं. मी म्हटलं, मग अजून लहान करा की. तो हसला. "वर ३५०० ला इंजिन गेलं की अल्टरनेटर ७००० वर जातंय. त्याला तेवढं बास. आणि पुली फार लहान केली तर बेल्टला वळायला जागा नाही."

अल्टरनेटरची पुली त्याने गोल सळीतून लेथवर काढली. पंपाची बिडाची ओतून घेतली आणि बोअर, खोबण सगळं व्हर्नियरने तपासलं. मग तिन्ही पुल्यांवर दोरा धरला. अल्टरनेटर एक सूत मागे होता, वॉशर घालून ओळीत आणला. बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला, अर्धा इंच गेला. "आता आंबोली चढा."

पैसे द्यायला गेलो तर त्याने रीतसर बिल केलं, एक पैसा जास्त नाही. मी धीर करून विचारलं, "हा लेथ कसा घेतलात?"

"बायकोच्या पाटल्या मोडल्या, साहेब."

पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. त्यानंतर मात्र अर्ज आला की मी आधी त्या माणसाच्या वर्कशॉपवर जाऊन यायचो. काही कर्जं वरिष्ठांशी वाद घालून मंजूर करून घेतली. त्यातली जवळजवळ सगळी फिटली. पण पहिला अर्ज परत गेला तो गेलाच.

वडील पुढे त्याच गाडीतून बऱ्याच वेळा सावंतवाडीला गेले. गाडी १९९८ मध्ये विकली. तो टर्नर आता नाही. मुलगा सीएनसी चालवतो, भेटला की काका म्हणतो. पाटल्यांची गोष्ट त्याला माहीत आहे. अर्जाची आहे का, ते मी कधी विचारलं नाही. आज इथे लिहिली, म्हणजे त्यालाही कळेल.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा लेथ, अशी फौंड्री होती? जरूर लिहा.