‘कर्नल ब्लिंप’ आणि त्याचे प्रेक्षक

चित्रपटाविषयी प्रेक्षकांनी व्यक्त केलेली मते इतिहासाचे साधन म्हणून वापरावयाची असतील, तर त्या मतांचा खरा विषय कोणता हे आधी निश्चित केले पाहिजे. मत चित्रपटाविषयी आहे असे वरवर दिसते. पुष्कळदा ते चित्रपटाच्या नावाविषयी असते. मायकेल पॉवेल व एमरिक प्रेसबर्गर यांचा ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप’ (१९४३) हा ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची सहानुभूतीने थट्टा करणारा बोलपट याचे बोधप्रद उदाहरण होय.

‘ब्लिंप’ हे नाव चित्रपटाने निर्माण केलेले नाही. डेव्हिड लो या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या व्यंगचित्रकाराने १९३४ साली लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या पत्रात हे पात्र प्रथम आणले. तुर्की स्नानगृहात टॉवेल गुंडाळून बसलेला, झुपकेदार मिशांचा, गोल पोटाचा हा निवृत्त कर्नल जगातील प्रत्येक प्रश्नावर ठाम आणि परस्परविरुद्ध विधाने करीत असे. हलका वायू भरून फुगविलेल्या विमाननौकेला इंग्रजीत ‘ब्लिंप’ म्हणतात. तेच नाव लोने त्यास दिले. काही वर्षांतच विशेषनामाचे सामान्यनाम झाले. आपल्याकडे कळ लावणाऱ्यास ‘नारद’ आणि झोपाळू माणसास ‘कुंभकर्ण’ म्हणतात, त्याचप्रमाणे इंग्रजीत हटवादी, जुनाट विचारांच्या लष्करी वा साम्राज्यवादी मनुष्यास ‘ब्लिंप’ म्हणू लागले. १९४१ साली जॉर्ज ऑर्वेलने आपल्या प्रसिद्ध निबंधात हा शब्द एका संपूर्ण वर्गाची संज्ञा म्हणून वापरला आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर आणि जूनमध्ये टोब्रुक पडल्यावर सेनाधिकाऱ्यांवर टीकेची झोड उठली, तेव्हा हा शब्द टीकाकारांच्या हाती तयारच होता.

अशा वेळी चित्रपटाचे चित्रण सुरू झाले. युद्धमंत्री सर जेम्स ग्रिग यांनी त्यास विरोध केला. हे ग्रिग १९३४ ते १९३९ या काळात हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य होते. सेनाधिकाऱ्याविषयीची ‘ब्लिंप’ ही कल्पना आता आपोआप मरू लागली असून चित्रपटामुळे तिला पुन्हा जीवदान मिळेल, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे त्यांचा वाद कथानकाशी नव्हता. शब्दाच्या आयुष्याशी होता. सप्टेंबर १९४२ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी माहितीमंत्री ब्रेंडन ब्रॅकन यांस टिपण पाठवून हे चित्रण थांबविण्याचे उपाय सुचविण्यास सांगितले. ब्रॅकन यांनी उत्तर दिले की, आपल्या खात्यास तसा अधिकार नाही. तो मिळवावयाचा तर मतप्रकाशनाच्या सर्वच साधनांवर सक्तीचे नियंत्रण आणावे लागेल. युद्ध ऐन भरात असता एका मंत्र्याने आपल्या पंतप्रधानास ही मर्यादा दाखवून दिली, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे चित्रपट परदेशी पाठविण्यावर अडथळा आला. परंतु या बंदीने चित्रपटाची उत्तम जाहिरात होत आहे असे ब्रॅकन यांनीच कळविल्यावर ऑगस्ट १९४३ मध्ये तोही दूर झाला.

या मतांची चित्रपटाशी तुलना करावी. १६३ मिनिटांच्या या रंगीत बोलपटात ब्लिंप नावाचे पात्रच नाही, आणि त्यातील नायकास मृत्यूही येत नाही. रॉजर लिव्हसी याने उभा केलेला क्लाइव्ह कँडी आरंभी लोच्या चित्रातल्याप्रमाणेच स्नानगृहात दिसतो. नंतर कथा १९०२ पर्यंत मागे जाते आणि त्याच्या मिशांचे रहस्य उलगडते: बर्लिनमधील द्वंद्वयुद्धात झालेल्या जखमेचा व्रण झाकण्यासाठी त्या वाढविलेल्या आहेत. व्यंगचित्रातील हास्यास्पद खुणेला अशा रीतीने एक भूतकाळ मिळतो. त्याच द्वंद्वयुद्धातील प्रतिस्पर्धी थिओ हा जर्मन अधिकारी त्याचा जन्माचा मित्र होतो. पुढे निर्वासित म्हणून इंग्लंडात आलेला हाच थिओ, नाझींशी खेळाचे नियम पाळून लढता येणार नाही, हे त्यास समजावतो. जुन्या लष्करी आचारसंहितेची ही टीका तत्कालीन सरकारच्या युद्धधोरणास पोषकच होती. म्हणूनच पूर्ण झालेला चित्रपट पाहिल्यावर अधिकाऱ्यांना त्यात फारसे आक्षेपार्ह काही सापडले नाही.

विरोधी मत दुसऱ्या बाजूनेही आले. ई. डब्ल्यू. व एम. एम. रॉबसन या द्वयीने युद्धकाळातच एक पुस्तिका काढून चित्रपटाचा धिक्कार केला. इंग्रज नायक भाबडा आणि जर्मन पात्र शहाणे, ही त्यांची तक्रार होती. ग्रिग यांना जेथे सैन्याची बदनामी दिसली, तेथे त्यांना शत्रूविषयीचे प्रेम दिसले. सामान्य प्रेक्षकांनी मात्र जून १९४३ मधील प्रदर्शनापासून चित्रपटगृहे भरली. पुढे, विशेषतः अमेरिकेत, चित्रपटाच्या कापलेल्या प्रती फिरत राहिल्या. १९८० नंतरच्या दशकात मूळ रूप पुन्हा उपलब्ध झाले, आणि १९९९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर श्रेष्ठ चित्रपटांच्या यादीत त्यास पहिल्या पन्नासांत स्थान मिळाले. या उत्तरकालीन प्रेक्षकास मैत्री, वार्धक्य व काळाचा ओघ हाच विषय जाणवतो.

एकाच कृतीविषयी इतकी भिन्न मते का व्हावीत? अभिरुचिभेद हे उत्तर अपुरे आहे. १९४२ च्या वाचकास ‘ब्लिंप’ हा शब्द जिव्हारी लागणारा होता. नंतरच्या प्रेक्षकास तो केवळ शीर्षकातील एक जुना शब्द होता. शब्दाची धार बोथट झाल्यावरच चित्रपट दिसू लागला. म्हणून अशा मतांचा उपयोग करताना अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत: हे मत चित्रपट पाहण्यापूर्वीचे की नंतरचे? आणि त्या दिवशी त्या शब्दाचा अर्थ काय होता?

शेवटी एक भाषिक निरीक्षण नोंदविणे अवश्य आहे. कँडीविषयी प्रेक्षकास कितीही जिव्हाळा वाटो, इंग्रजी कोशांत ‘ब्लिंप’ आजही लोच्याच अर्थाने नांदतो. ज्या शब्दास जीवदान मिळेल म्हणून मंत्री भ्याले, त्यास चित्रपटाच्या आधाराची गरज नव्हती. आणि जवळजवळ पावणेतीन तासांच्या सहानुभूतीने त्याचा अर्थही पालटला नाही. एका माणसाविषयीचे मत बदलणे कलेस साधते. त्याच्या नावाने रूढ झालेला शब्द बदलणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते.